साखर न घेणाऱ्या घरातली बरणी

मित्रांनो, माझ्या काठाचा उडालेला टवका पाहून मला भंगारात काढू नका. मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. तो टवका कसा उडाला हे आठवलं, की अजून माझं झाकण खडखडतं.

भट्टीत भाजून निघाले तेव्हाही मला इतकी भीती वाटली नव्हती. तिथून मी एका तोलाराच्या घरी आले. तोलार म्हणजे गोदामात पोती तोलणारा. त्याच्या मालकाचं गोदाम साखरेचं, म्हणून माझ्या पोटातही साखरच. पाहुणे म्हणायचे, "वहिनी, बरणी मोठी गोड आहे हो!" साखर खाऊन बरणीची स्तुती करायची, ही माणसांची जुनीच खोड. मला काय, मी फुगायची.

तोलाराची बायको दवाखान्यात जखमा बांधायची. एकदा ती घरी आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. समुद्रापलीकडच्या उसाच्या मळ्यातून पळून आलेल्या एका बाईचा घोटा तिने धुतला होता. बेडीने तो हाडापर्यंत सोलला होता. त्या मळ्यांत विकत घेतलेली माणसं राबत, आणि त्यांच्या हातची साखर थेट या गोदामात येई. त्या दिवशी तिने मला विसळून फळीवर ठेवलं, ते रिकामंच.

"अगं, आपल्या दोन चमच्यांनी कुणाची बेडी तुटणार आहे?" तोलार कळवळून म्हणाला.

"नाही तुटली तर नाही. पण ती घालायला मी हात लावणार नाही."

तेव्हापासून दार वाजलं की तोलार दचकायचा. शेजारणी येत, बिनसाखरेच्या चहाचा घोट घेत, तोंड वाकडं करत आणि जाताना बातमी भरून नेत. ती गोदामात पोचायला कितीसा वेळ लागणार? मालकाचा निरोप आला, "संध्याकाळी तुमच्याकडे चहाला येतो."

तोलाराची बोबडीच वळली. बायको परतायच्या आत त्याने मला फळीवरून काढलं आणि काठोकाठ मीठ भरलं. त्याचा हिशेब सरळ होता. मालकाला डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. तो नुसता बघेल आणि जाईल. साखर विकून गब्बर झालेल्याला साखर वर्ज्य! हा विनोद माझा नव्हे, डॉक्टरांचा.

बायको दवाखान्यातून घरात शिरते न शिरते तोच मालक आला. झाकण उघडून आत डोकावला आणि हसला. "लोक काय, काहीबाही बोलतात." मग स्वतःच्या हाताने त्याने तिच्या कपात दोन चमचे घातले. "घ्या वहिनी. माझ्यासमोर घ्या."

माझ्या आतला कण न् कण गारठला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही आणलीत? मला न विचारता?"

तोलाराच्या कपाळावर घाम डवरला. खरं सांगावं तर नोकरी जाणार, गप्प राहावं तर बायकोच्या मनातून कायमचं उतरणार. तिने कप दूर सारला आणि ती उठली. तेव्हा त्याच्या तोंडून चिरका आवाज फुटला, "मीठ आहे गं ते! साखर नाही आणली मी. शपथ!"

मालकाने चिमूट चाखली आणि थुंकला. त्याच्या काठीचा फटका माझ्या काठावर बसला. "उद्यापासून गोदामाची पायरी चढू नकोस. तुला दुसरं काम कोण देतो, तेही बघतो."

दार आपटलं. तिने तो कप मोरीत ओतला.

"मिठाचा चहा पाजणार होतात मला?"

"तू गुपचूप प्यायली असतीस तर..."

"ओकले असते त्याच्या अंगावर."

दोघं हसली. पण त्याने कडी लावली ती पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

मालकाने शब्द पाळला. तोलार पुढे दुसऱ्यांची ओझी वाहत राहिला. गल्लीत आणखी दोन घरांनी साखर सोडली. त्यातलं एक पाहुण्यांच्या टोमण्यांना कंटाळून परत फिरलं. याहून मोठा विजय सांगायला मला आवडलं असतं, पण झालं ते एवढंच. मात्र ती दोघं होती तोवर माझ्यात साखरेचा कण पडला नाही.

त्यांच्यानंतर हातोहात फिरत मी तुमच्या स्वयंपाकघरात आले. आज मी पुन्हा पांढऱ्याशुभ्र साखरेने भरलेली आहे. ती कुणी पिकवली, दिवस मावळल्यावर त्याला आपल्या घरी जायची मुभा होती का, हे ओतताना कुणी विचारलं नाही. फुटण्याची भीती मला आता वाटत नाही. या न विचारण्याची वाटते. मला आतून झाकण लावून घेता येत नाही, मित्रांनो. हात तुम्हाला आहेत.