दोन अंडी, दोन लिंबं

तापाचा सहावा दिवस उजाडला, तरी बायकोच्या पोटात चहा-बिस्किटापलीकडे काही गेलं नव्हतं. काहीही पुढे केलं की "तोंडाला चवच नाही" म्हणून ती कूस बदलायची. त्या सकाळी मात्र ती आपणहून म्हणाली, "आई लहानपणी ते लिंबाचं चिकन सूप करायची ना, ते मिळालं तर खाईन."

पण करणार कोण? लेकीची काळजी घ्यायला आलेल्या सासूबाई तिसऱ्याच दिवशी जिन्यात घसरल्या आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून बसल्या. उरला नवरा. तो कुलपं दुरुस्त करायचा. अडकलेलं कुलूप उघडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण स्वयंपाकघरात त्याची मजल अंडी उकडण्यापर्यंतच. त्यात सासूबाईंशी अकरा वर्षं जेवढ्यास तेवढं. "किल्लीवाल्याला देऊ पोरगी?" असं लग्नाआधी त्या म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, ते मनात रुतून बसलं होतं.

"तुम्ही सांगा, मी करतो," तो म्हणाला.

सासूबाई स्टूल ओढून ओट्याशी बसल्या. "आधी हात धुवा, जावईबापू. सूप मशीनच्या तेलात नाही करायचं."

कांदा, मिरी घालून कोंबडी शिजत ठेवली. वाफ धरेपर्यंत सासूबाई बोलत होत्या. मुलींच्या वसतिगृहात त्या भांडी घासायला होत्या, तेव्हा तिथली मुख्य स्वयंपाकीण ग्रीसहून आलेली होती. कुणी आजारी पडलं की ती हे सूप करायची. उरलं तर डब्यात भरून द्यायची, म्हणायची, "लेकीला ने."

त्यांच्या सांगण्यावरून त्यानं अर्धं पाणी दुसऱ्या पातेल्यात काढून ठेवलं. मांस सोडवलं, उरलेल्या पाण्यात मूठभर तांदूळ शिजवले. मग दोन अंडी फोडून दोन लिंबांचा रस घालून फेटली आणि सासूबाई "अहो, थांबा—" म्हणेपर्यंत उकळत्या पातेल्यात ओतून मोकळा झाला. क्षणात सगळीकडे पिवळ्या चिंध्या तरंगायला लागल्या.

"गेलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"जाऊ दे. म्हणून तर अर्धं काढायला लावलं."

"म्हणजे मला जमणार नाही हे धरूनच चालला होतात! किल्लीवाल्याकडून काय होणार?"

तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी प्लास्टरच्या कडेकडे पाहिलं.

"म्हणाले होते मी तसं," त्या म्हणाल्या. "तिला एकटीनं वाढवली. कुणीही आला असता तरी नावंच ठेवली असती मी. तुमचा धंदा आयता सापडला. चुकलं माझं. कधीच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही." मग पातेल्याकडे बोट करून, "आणि अर्धं काढायला लावलं, कारण पहिल्यांदा माझंही फुटलं होतं. दुसऱ्यांदाही."

त्यानं फ्रिज उघडला. "आणखी दोन फोडू?"

"फोडा. या खेपेला मी ओतते."

काढून ठेवलेल्या पाण्यात पुन्हा तांदूळ शिजले, गॅस बंद झाला. सासूबाईंनी डाव्या हातात पळी धरली. गरम पाण्याची बारीक धार अंडी-लिंबाच्या वाडग्यात पडत होती आणि तो जीव एकवटून फेटत होता. "थांबू नका," त्या म्हणायच्या. "तुम्ही घाई करू नका," तो म्हणायचा. वाडगं कोमट झाल्यावर त्यानं ते हळूहळू पातेल्यात सोडलं. सूप सायीसारखं दाट झालं. चिंधी एकही नाही. दोघांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि दोघंही एकदमच हसले.

बायकोनं पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले.

"आंबट झालंय," ती म्हणाली.

"लिंबं मोठी होती," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "जावईबापूंचा काही दोष नाही."

ती सहा दिवसांत पहिल्यांदा उठून बसली आणि तिनं वाडगं तळापर्यंत रिकामं करून पुढे केलं. तो आणखी आणायला गेला. जाता जाता दारातच थांबून म्हणाला, "आई, रविवारी जायचं म्हणत होतात ते राहू द्या. प्लास्टर निघेपर्यंत इथेच थांबा."

इतकी वर्षं तो त्यांना कशानेच हाक मारत नसे. सासूबाईंनी पदर सारखा केला. "बघू," म्हणाल्या, आणि प्लास्टर निघेपर्यंत थांबल्या.