सायखेड्याला जायचा मेसेज

प्रतिभाने ‘पाठवा’वर नेलेलं बोट मागे घेतलं आणि यादी पुन्हा वरून खाली पाहिली. धरणातून दुपारी पाणी सोडलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सायखेड्याच्या खालच्या वस्तीत शिरणार होतं, आणि प्रतिभाच्या वेबसाइटवरून पुराचा इशारा ज्यांना जायचा त्या नंबरांत सायखेड्याचा एकही नव्हता. तिथल्या गोजरामावशीने तर गेल्याच आठवड्यात अख्ख्या वस्तीची नावं त्या वेबसाइटवर भरून घेतली होती.

चूक लगेच सापडली. महिन्यापूर्वी नवा सर्व्हर लावताना प्रतिभाने नोंदणीच्या वेब-पत्त्याला शेवटी एक तिरकी रेघ दिली होती, स्लॅश. फॉर्ममधला पत्ता मात्र जुनाच राहिला, बिनस्लॅशचा. मग दारावरचा सर्व्हर येणाऱ्याला अदबीने स्लॅशवाल्या पत्त्यावर धाडायचा आणि त्या वाटेत त्याने भरलेलं नाव, नंबर सगळं गळून पडायचं. समोर उमटायचं, ‘नोंदणीबद्दल धन्यवाद’. इतका सभ्य सर्व्हर तिने स्वतःच्या हाताने बसवला होता. माणसं येऊन गेल्याची नोंद सर्व्हरच्या रोजनिशीत, लॉगमध्ये होती, पण ती कोण होती हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

तिने फॉर्ममध्ये स्लॅश घातला. एक अक्षरही नाही, नुसती रेघ. मग नाशिकहून मावशीला फोन लावला.

“मावशी, पाणी सोडलंय. सगळ्यांना घेऊन वरच्या शाळेत जा.”

“मेसेज कुठं आलाय अजून?”

“नाही येणार. तुमचे नंबर माझ्याकडे पोचलेच नाहीत. माझी चूक आहे.”



“मागल्या साली उगाच आवई उठली, समदी लेकरं रातभर भिजली. म्हणून मीच बजावलंय, प्रतिभाचा मेसेज आल्याबिगर कुणी हलायचं नाय. आता माझं कोण ऐकंल?”

प्रतिभाने मावशीचा नंबर यादीत घातला आणि इशारा पाठवला.

“आला गं,” मावशी म्हणाली. फोन चालूच ठेवून ती शेजारच्या घरी धावली. “चिमाजी, हे बघ, मेसेज आलाय. पोरांना घे अन् चल.”

“मावशी, त्यांचा नंबर सांग मला,” प्रतिभा ओरडली. पण फोन मावशीच्या कानाशी नव्हता, दाखवायला पुढे धरलेला होता.

पलीकडून चिमाजीचा शांत आवाज आला.

“नावं आपण एकाच दिवशी घातली, गोजराबाई. आमचा येऊ दे, मग निघू.”