अर्जाची पहिली ओळ

मित्रांनो, परवा एका शाळेची सहल आमची कचेरी पाहायला आली होती. माझ्यापाशी थांबून एका मुलीने आपल्या शिक्षिकेला विचारले, "हे कपडे पिळायचं मशीन आहे का?" सगळी मुले खो खो हसली. मला राग आला नाही म्हटले तर खोटे ठरेल. चांगलाच आला. पण तिचा तरी काय दोष? मधोमध एक गोल पिंप, उजव्या बाजूला लोखंडी दांडा आणि अंगभर काळ्या शाईचे डाग, असा माझा अवतार. म्हणून मीच सांगते. मी सायक्लोस्टाईल यंत्र आहे. आता जुने झाले आहे आणि परराष्ट्र खात्याच्या इमारतीत जिन्याखाली उभे आहे. पण या खात्याला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे, तो कागद माझ्यातून निघाला आहे.

माझे काम समजायला सोपे होते. मेणाचा लेप दिलेल्या पातळ कागदाला स्टेन्सिल म्हणत. तिच्यावर टाईपरायटरने अक्षरे ठोकायची. जिथे अक्षर पडे तिथले मेण निघून जाई. मग ती स्टेन्सिल माझ्या पिंपावर ताणून बसवायची आणि दांडा फिरवायचा. पिंपातली शाई त्या अक्षरांतून बाहेर येई आणि खालून सरकणाऱ्या कोऱ्या कागदावर उमटे. एका फेऱ्यात एक प्रत. वीज नको की बटण नको. तुमच्या आजी-आजोबांच्या प्रश्नपत्रिका माझ्याच भावंडांनी छापल्या, आणि त्यापायी आमच्या सगळ्या खानदानाने पुष्कळ शिव्याही खाल्ल्या.

मी मात्र कधी प्रश्नपत्रिका छापली नाही. कारखान्यातून निघाले ते थेट या खात्याच्या मदत विभागात आले. शेजारच्या एखाद्या देशात पूर आला किंवा लढाई पेटली की आपला देश तंबू, धान्य, औषधे पाठवत असे. ती कोणाला द्यायची याची यादी लागे, यादीसाठी अर्ज लागत आणि ते अर्ज मी छापत असे. भाषणे, हस्तांदोलने, फोटो हे सगळे वरच्या मजल्यावर चाले. माझी खोली तळघरात होती.

तिथे माझे सोबती होते शाईकाका. तीस वर्षे त्यांनी माझा दांडा फिरवला. त्यांची नखे कायम काळी असत आणि त्यांची बायको म्हणे त्यांना ताट वाढण्याआधी साबण वाढत असे. काका फार काटकसरी. काम झाले की स्टेन्सिल टाकून न देता ते ती वर्तमानपत्रात हलकेच टिपून घेत, वाळवत आणि कपाटात चिमट्याला लावून ठेवत. पुन्हा तोच अर्ज लागला की तीच स्टेन्सिल बाहेर निघे. "अकरा वर्षं झाली, एक अक्षर फाटलेलं नाही!" असे ते मदत-नोंदणीच्या अर्जाची स्टेन्सिल दाखवून सांगत. वरचे साहेब लोकही कौतुकाने मान डोलवत. मीही फुशारून जात असे. त्या फुशारकीची आज मला लाज वाटते आणि ती का, तेच आता सांगायचे आहे.

त्या वर्षी शेजारच्या देशात लढाई झाली. हजारो माणसे घरे सोडून सरहद्दीवरच्या छावणीत आली. आमच्या खात्याने घाईघाईने बाराशे अर्ज मागवले. काकांनी कपाट उघडले, स्टेन्सिल चढवली आणि एका दुपारी आम्ही काम फत्ते केले. पंधरा दिवसांनी त्यातले पाचशे अर्ज कोरे परत आले. प्रत्येकावर एकच शेरा होता, 'नकार'. वरच्या मजल्यावर त्याचा अर्थ असा लावला गेला की, नदीकाठच्या लोकांना आपली मदत नको आहे. नदीकाठचे लोक म्हणजे तिथला एक लहानसा समाज. त्यांची बोली वेगळी, लिपीही वेगळी.

हा अर्थ सगळ्यांना पटला, एकटीला सोडून. ती मदत विभागातली सगळ्यात धाकटी अधिकारी होती. ती फार प्रश्न विचारते म्हणून सारे तिला पाठीमागे 'प्रश्नबाई' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होते. एके दिवशी सकाळी ती कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन तळघरात उतरली. तिच्याबरोबर एक म्हातारे गुरुजी होते. ते नदीकाठच्याच समाजातले. फार वर्षांपूर्वी आमच्या शहरात येऊन राहिले होते.

"काका, एका अर्जाच्या मागे पत्र लिहिलंय," ती म्हणाली. "गुरुजी वाचून दाखवतायत. ऐका जरा."

गुरुजींनी चष्मा सावरला आणि एकेक ओळ आमच्या भाषेत सांगू लागले. "मी शिवणकाम करते. घरात सासूबाई, दोन मुली आणि मी. नवरा चार महिन्यांपूर्वी पीठ आणायला गेला, तो अजून आला नाही. नोंदणीच्या टेबलावरचे दादा म्हणतात, अर्जाच्या पहिल्या ओळीत नवऱ्याचं नाव आणि त्याचीच सही पाहिजे, त्याला घेऊन या. तो कुठे आहे हे त्यांना माहीत असेल तर मीच त्यांच्या पाया पडते. आमचे बाकीचे लोकही सही करत नाहीत. कागदावर काय लिहिलंय ते आम्हाला वाचता येत नाही आणि न वाचता सह्या केल्या म्हणूनच आमच्या जमिनी गेल्या. महिन्याभराने इथे थंडी पडेल. धाकटीला आत्ताच खोकला आहे. आम्ही नाही म्हटलेलं नाही. आम्हाला कोणी विचारलंच नाही."

मग प्रश्नबाईने अर्जावर बोट ठेवले. पहिली ओळ होती, 'कुटुंबप्रमुखाचे नाव: वडील किंवा पती.'

"काका, हे कोणी ठरवलं?"

काका कपाटाकडे पाहत राहिले. "ठरवलं कोणी नाही, बाई. अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी टाईप केलं असेल. स्टेन्सिल चांगली होती, म्हणून मी पुन्हा पुन्हा वापरली."

मित्रांनो, त्या बाईला दारातून परत पाठवणारा कागद मीच छापला होता. एकदा नव्हे, बाराशे वेळा. आणि त्याआधीच्या पुरांत, वादळांत किती जणी अशा परत गेल्या असतील, याची तर गणतीच नव्हती.

तेवढ्यात साहेब स्वतःच खाली आले. ते विभागाचे प्रमुख. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "अर्ज तयार आहेत ना? शेजारच्या देशाचे प्रतिनिधी वर बसलेत. चार वाजता मदतीच्या करारावर सह्या आहेत आणि अर्जाचा नमुना कराराला जोडायचा आहे."

प्रश्नबाईने पत्र पुढे केले. साहेबांनी ते गुरुजींकडून पुन्हा ऐकले. नंतर खुर्ची ओढून बसले. "तुमचं म्हणणं कळतंय मला. पण नदीकाठच्या लोकांची लिपी ते सरकार मानत नाही. बायकांच्या नावावर तिकडे काही नसतं. दुसऱ्याच्या घरात जाऊन आपण काय सांगणार?"

"घर त्यांचं आहे, साहेब," ती म्हणाली. "पण अर्ज आपला आहे."

साहेबांनी वरच्या मजल्याकडे बोट केले. "आणि ते रुसून उठून गेले तर? धान्य अडकेल. उपाशी कोण राहील? हीच बाई."

"तर मग धान्य आजच सोडा. अर्जाशिवाय. दोन आठवडे सगळ्यांना द्या. अर्ज तंबूंसाठी आणि पुढच्या रेशनसाठी."

साहेबांच्या आठ्या सैल झाल्या. "धान्याचे ट्रक दुपारी सुटतील. नवा अर्ज चारच्या आत माझ्या हातात पाहिजे. वर काय बोलायचं ते मी बघतो."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. प्रश्नबाईने नवी पहिली ओळ टाईप केली, 'अर्ज करणाऱ्या व्यक्तीचे नाव.' बस्स, एवढेच. वडील नाहीत, पती नाही. खाली तिथल्या सरकारी भाषेतला मजकूर टाईप झाला. त्याच्या शेजारी नदीकाठचा मजकूर हवा होता, पण त्या लिपीचा टाईपरायटर कुठून आणणार? तेव्हा गुरुजींनी लोखंडी लेखणी हातात घेतली. स्टेन्सिलवर हाताने लिहिताना नाकी नऊ येतात. हलके लिहिले तर उमटत नाही, जोर दिला तर फाटते. गुरुजींना फळ्यावर लिहायची सवय. चौथ्या ओळीत टर्रकन आवाज आला.

"गुरुजी, खडू नाही तो!" काका ओरडले आणि लगेच जीभ चावली.

"चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, दाबून लिहा म्हणून," गुरुजी ओशाळून म्हणाले. काकांनी स्टेन्सिलच्या चुका बुजवायचे तांबडे औषध लावून ती फट भरली, फुंकर मारून वाळवली आणि पुन्हा लिहून घेतले. पावणेचारला त्यांनी दांडा फिरवला. मी इतक्या काळजीने कधीच छापले नव्हते. पहिली प्रत गुरुजींच्या हातात आली. सरकारी कागदावर स्वतःची लिपी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग बाकावर बसून चष्मा पुसत राहिले.

ओल्या शाईच्या प्रती काका स्वतः वर घेऊन गेले. वरचे सारे मला त्यांच्याच तोंडून कळले. प्रतिनिधींनी अर्ज पाहिला आणि खाली ठेवला. "ही लिपी आमच्या एकाही सरकारी कागदावर नाही," ते म्हणाले.

"आमच्या आहे," साहेब म्हणाले. "आज सकाळपासून."

"आणि बायकांच्या नावावर तंबू? घरोघरी भांडणं लागतील."

"ज्यांचे नवरे घरी आहेत, ती दोघं मिळून ठरवतील कोणाचं नाव घालायचं. ज्यांचे नाहीत, त्यांच्याशी भांडायला कोण येणार आहे?"

प्रतिनिधींनी आपल्या राजधानीला फोन लावला. तासभर बोलणे चालले. शेवटी ते म्हणाले की, चालेल, पण नदीकाठचा मजकूर आमच्या मजकुराच्या खाली घ्या आणि बारीक करा. प्रश्नबाई भिंतीशी उभी होती. तिला बोलायची पाळी नव्हती, तरी ती बोललीच. "खाली चालेल. बारीक नको. म्हातारी माणसं आहेत तिकडे, त्यांना वाचायचंय." साहेबांनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिले आणि म्हणाले, "बारीक नको."

म्हणजे पुन्हा नवी स्टेन्सिल! काकांनी कपाळाला हात लावला. पण या खेपेला गुरुजींनी एकही ओळ फाडली नाही. संध्याकाळी सहा वाजता सह्या झाल्या. त्यानंतर काकांनी कपाटातली अकरा वर्षांची स्टेन्सिल काढली आणि तिचे चार तुकडे केले. त्यांनी काही फाडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढे खात्याने तसा नियमच केला. आपली मदत जिथे जाईल तिथे बाईला तिच्या नावाने मदतीचे कार्ड मिळेल आणि प्रत्येक समाजाला त्याच्या लिपीत कागद मिळेल. इतर देशांची माणसे तो अर्ज मागून घेऊन गेली. काहींनी तो जसाच्या तसा वापरला, काहींनी आधी नाके मुरडली आणि नंतर वापरला. आठ वर्षांत मी तो तेवीस लिपींत छापला. दरवेळी लिहायला त्या त्या समाजातले कोणीतरी तळघरात यायचे, स्टेन्सिल फाडायचे आणि काकांची बोलणी खायचे. ते माझे सगळ्यात चांगले दिवस.

नंतर विजेवरची यंत्रे आली, मग संगणक आले. काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझे पिंप पुसले आणि बराच वेळ दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. मला जिन्याखाली हलवले. आता येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या ठेवतात. वाईट वाटते, नाही कसे? पण मी तुमच्याकडे तेल मागत नाही की रंग मागत नाही. यंत्र म्हातारे झाले की बाजूला जायचेच. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यातले कोणी उद्या मोठ्या खुर्चीवर बसेल, दूरच्या माणसांसाठी कागद तयार करील. तो कागद छापण्याआधी, ज्याला तो भरायचा आहे त्याला एकदा दाखवा. त्याला वाचता येतो का, त्याच्या घरची माणसे त्यात मावतात का, हे त्यालाच विचारा. जुना कागद फाटलेला नाही, एवढ्यावरून तो बरोबर आहे असे समजू नका. मी तसे समजले होते.

त्या करारानंतर अठराव्या दिवशी भरलेल्या अर्जांची पहिली थैली आली. प्रश्नबाई धावतच खाली आली, मागून गुरुजी धापा टाकत. सगळ्यात वरचा अर्ज त्याच शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता. पहिल्या ओळीत तिने आपले नाव आपल्या लिपीत, ठळक अक्षरांत लिहिले होते. शेजारी छावणीच्या माणसाचा शेरा होता, 'तंबू दिला, चार माणसे.' थंडी पडायला अजून तीन दिवस होते. अर्जाच्या शेवटी आम्ही एक प्रश्न छापला होता, 'आणखी काही सांगायचे आहे का?' तिथे तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. गुरुजींनी त्या मोठ्याने वाचल्या.

"धाकटी आता आत झोपते. पण रांगेत माझ्या मागे अजून पुष्कळ जणी उभ्या आहेत आणि इथले अर्ज संपले आहेत."

काकांनी बाह्या सरसावल्या, कागदांचा नवा गठ्ठा लावला आणि दांडा फिरवायला घेतला.