माणिकचं आवतण

"ताई, सरका बाजूला. ताट जड झालंय."

तुळजाबाई गोठ्याच्या फाटकात उभी होती. डोक्यावर पदर, हातात पितळी ताट, त्यात तुपानं चकाकणाऱ्या पुरणपोळ्या. शैलाताई सरकल्या नाहीत. फाटकाची कडी त्यांनी आतून धरून ठेवली होती आणि कडी धरलेला हात त्यांना स्वतःलाच परका वाटत होता.

"आज न्हाई देता येत, तुळजाबाई. माणिकच्या पोटात पिशव्या आहेत."

"पिशव्या तर नेहमीच्याच. पोळा काय रोज येतो का?"

"काल संध्याकाळीच ठेवल्या. काही आज निघतील, बाकीच्या परवा. तोवर मापून दिलेल्या चाऱ्याशिवाय पोटात काही गेलं तर सगळं वाया जातं."

तुळजाबाईनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. अप्पाराव याच चारा संशोधन केंद्रावर जनावरांना चारा घालायचं काम करायचे. ते फावड्यानं शेण ओढत राहिले.

"तुम्ही तर गाईला घास दिल्याशिवाय तोंडात पाणी घेत न्हाई म्हणं," तुळजाबाई म्हणाली. "अन् पोळ्याच्या दिवशी बैलाचं ताट अडवून राह्यल्या. मी कुणाला चारू मंग? आमच्या दारात औंदा ट्रॅक्टर उभाय. त्याच्या नळकांड्यात घालू का पोळी?"

"त्याला डिझेलच गोड लागतं," अप्पाराव फावडं न थांबवता म्हणाले.

"तुम्ही गप बसा!"

तिनं ताटावर पदर ओढला आणि निघून गेली. तुपाचा वास मात्र गोठ्यातच राहिला. माणिकनं मान उंचावून नाकपुड्या फुलवल्या, दाव्याला एक हिसका दिला आणि फाटकाकडं बघत राहिला.

माणिक लाल कंधारी बैल. परतूर रोडवरच्या या केंद्रावर तो वासरू असताना आला. मोठा झाल्यावर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या डाव्या कुशीला खिडकी बसवली. जाड रबराची, झाकणाची. ती दुखत नाही, खुपत नाही. नव्या चाऱ्याची वाळवलेली भुकटी नायलॉनच्या लहान पिशव्यांत भरायची, त्या दोरीला बांधून खिडकीतून पोटात सोडायच्या, ठरल्या वेळी काढून किती चारा पचला ते बघायचं. पिशव्या ठेवणारा आणि काढणारा हात शैलाताईंचा. गावातले लोक सुरुवातीला म्हणायचे, हा बैल खंडित झाला, याला पुजायचं नाही. तेव्हापासून शैलाताईच त्याला पुजायच्या.

कालही त्यांनी खांदेमळणी केली होती. तूप-हळद त्याच्या खांद्यावर चोळली आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." नमुने वाळवायची भट्टी आठवड्यापूर्वी बिघडली होती, तेव्हा पिशव्यांचं काम पोळ्यानंतरच निघणार असं त्या धरून चालल्या होत्या. हळदीचे हात धुताहेत तोच प्रयोगाचं काम बघणाऱ्या डॉ. तृप्ती पिशव्यांचा ट्रे घेऊन आल्या. भट्टी दोन दिवसांपूर्वीच दुरुस्त झाली होती, नमुने दळून तयार होते. नव्या चारा-ज्वारीचं बियाणं रब्बीच्या आत गावांना द्यायचं, तर आता थांबायला जागा नव्हती.

"शैलाताई, आजच ठेवू या ना?"

'मी आत्ताच त्याला जेवायला बोलावलंय' हे वाक्य शैलाताईंच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. डॉक्टरबाईंना ते कसं सांगायचं? त्यांनी हातमोजा चढवला आणि ज्याला बोलावलं त्याच्याच पोटात पिशव्या ठेवल्या.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. आता सकाळपासून पाय एका जागी ठरत नव्हते. पाण्याच्या हौदाकडं जायच्या, परत यायच्या. जप सुरू करायच्या आणि मध्येच विसरायच्या. सकाळची बारीक कापलेल्या चाऱ्याची कुट्टी गव्हाणीत तशीच पडून होती. माणिक तिच्याकडं बघतही नव्हता.

दुपारी डॉ. तृप्ती आल्या आणि गव्हाण बघून थबकल्या.

"हे काय? काहीच खाल्लं नाही?"

"न्हाई मॅडम."

"पोट रिकामं राहिलं तर आतलं आंबवण्याचं काम मंदावेल. मग पिशव्यांचा काही उपयोग नाही. ढोल-ताशांनी बिथरलाय का?" गावाकडून वाजंत्री ऐकू येत होती, मारुतीपुढं बैल जमायला लागले होते.

"बिथरला न्हाई." शैलाताई खाली बघत म्हणाल्या. "वाट बघून राह्यला. मी काल आवतण दिलंय त्याला."

डॉ. तृप्तींनी माणिककडं पाहिलं. त्या नाशिक शहरातल्या, पण त्यांच्या आजोळी बैल होते. "काल सांगायचं ना, ताई."

"तुमची घाई बघितली. सांगायचं धाडस झालं न्हाई मंग."

"पुरण नाहीच देता येणार. गूळ-डाळीनं सगळं बदलतं."

"ठाऊक आहे मला. सकाळी तुळजाबाईचं ताट मीच परत पाठवलं."

घरून फोन आला. नवरा विचारत होता, "पोळ्या गार होऊन राह्यल्या. येणार का न्हाई?"

"त्यानं तोंड न्हाई लावलं अजून."

"मंग तू बी तशीच बस. ऐकणार हायस का कुणाचं!"

फोन ठेवून शैलाताई उठल्या. गव्हाणीतली सकाळची कुट्टी काढून त्यांनी अप्पारावांना वजन करून ठेवायला सांगितली. गव्हाण धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली. पुढं रांगोळीची रेघ ओढली. मग दुपारची मापलेली कुट्टी घमेल्यात घेतली.

"हे चालेल ना, मॅडम? यातली काडीसुद्धा वाढवणार न्हाई."

"चालेल," डॉ. तृप्ती म्हणाल्या आणि नकळत त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

माणिकच्या कपाळाला कुंकू लागलं. निरांजन ओवाळून झालं. शैलाताईंनी घमेल्याभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि पहिली मूठ त्याच्या तोंडाशी धरली.

"जेवा," त्या म्हणाल्या. "घरात आज हेच आहे."

माणिकनं हुंगलं. मान फिरवली. गावात ढोल जोरात वाजला, तसा त्यानं दाव्याला ताण दिला. शैलाताईंचा हात तसाच पुढं राहिला. मग खरखरीत जीभ तळहातावर आली आणि मूठ रिकामी झाली. दुसरी मूठ. तिसरी. घमेलं संपेपर्यंत शैलाताई उभ्याच होत्या. अप्पाराव म्हणाले, "ताई, बसा आता, मी घालतो," तरी त्यांनी घमेलं सोडलं नाही.

दिवेलागणीला पिशव्या काढायची वेळ झाली. शैलाताईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, खिडकीचं झाकण काढलं. आतली ओळखीची ऊब बोटांना लागली. एरवी हात सरळ खाली जायचा, दोरी सापडायची. आज तो वरच्याच थरावर अडला. दुपारची कुट्टी अजून खाली बसली नव्हती. भिजायला लागलेले तुकडे वर तरंगत होते, काही तर अजून टोचत होते.

लग्न होऊन आल्यापासून रोज त्यांनी देवापुढं ताट ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले. डोळे उघडले की ताट तसंच असायचं. आज वाढलेलं मात्र बोटांना लागत होतं.

"ताई, दोरी सापडत नाही का?" बॅटरी धरून उभ्या असलेल्या डॉ. तृप्तींनी विचारलं.

"सापडेल, मॅडम," शैलाताई म्हणाल्या, आणि हात आणखी थोडा वेळ तिथंच राहू दिला.