साठपर्यंत मोजायचं राहिलं

मित्रांनो, मी गाडीच्या इंजिनाला जोडलेला एक जुना टर्बो आहे. नाव भारदस्त, पण दिसायला अगदी गोगलगाय! सध्या गाडी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रंगाच्या रिकाम्या डब्याशेजारी फळीवर पडून असतो. मला हलता येत नाही, बोलता येत नाही. म्हणून मनातलं तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात एकाच दांडीवर दोन चाकं. इंजिनातून निघणारा तापलेला धूर एक चाक फिरवायचा, त्यासरशी दुसरं फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबायचं. म्हणून तर आमची साधी घरगुती गाडी चढावरही जोरात पळायची. दांडीभोवती फिरणारं तेल मला सांभाळायचं. मी कोंबलेली हवा फार तापायची, ती गाडीच्या तोंडाशी बसलेला इंटरकूलर निववायचा. तो कायम वाऱ्यावर आणि मी कायम भट्टीत. ज्याचं त्याचं नशीब!

गाडी आजोबांची. त्यांनी आयुष्यभर बस चालवलेली. घर टेकडीच्या मध्यावर, त्यामुळे दारात पोचेपर्यंत मी लालबुंद. पण आजोबा लगेच गाडी बंद करायचे नाहीत. "तिला धाप लागलीय. साठ मोजू, मग बंद करू," म्हणायचे. शेजारी बसलेली नात मोजायला लागायची आणि एकोणचाळीसवरून थेट पन्नासवर उडी मारायची.

"लबाड! चाळीस कुठं सांडले? पुन्हा मोज!"

ती खिदळत पुन्हा मोजायची. तेवढ्या वेळात तेल फिरत राहायचं आणि मी निवायचो. त्या पोरीच्या आवाजात माझा जीव होता, खोटं नाही सांगत.

मग आजोबांची नजर अधू झाली आणि किल्ली नातीच्या काकाकडे गेली. काका मनानं चांगला, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. त्यानं गाडीची ताकद वाढवून घेतली. वर हौसेनं चार मोठे दिवे बसवले, ते नेमके इंटरकूलरच्या तोंडावर! बिचाऱ्याला वाराच मिळेना.

"बाबा, काय पळते बघा आता!"

"पळते रे. पण निवते कधी?"

"ती तुमची बस होती, बाबा. साठ मोजायला वेळ कुणाला आहे?"

दारात आला की खटकन किल्ली फिरवायचा. तेल जागच्या जागी थांबायचं आणि माझ्या उष्णतेनं करपायचं. माझ्या दांडीवर काळी खरपुडी धरली. मी कण्हायला लागलो, त्याची बारीक शिट्टी ऐकू यायची. काका खूश होऊन मित्रांना सांगायचा, "आवाज ऐका, आवाज!" आता काय बोलायचं, मित्रांनो? मी रडत होतो आणि तो मिरवत होता.

एका सकाळी चहा पिताना आजोबांच्या हातून कप निसटला. तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले. नातीची आई रुग्णवाहिकेला फोन करायला धावली.

"वहिनी, फोन राहू द्या. दहा मिनिटांत पोचवतो," काका म्हणाला.

इस्पितळ टेकडीच्या माथ्यावर. काकानं पाय दाबला. मी जिवाचं रान केलं, पण अर्ध्या चढावर माझी दांडी अडकली. मागे निळा धूर पसरला आणि गाडी गोगलगायीसारखी रांगायला लागली. "चल ना गं, चल ना!" काका स्टिअरिंगवर हात आपटत होता. मागच्या सीटवर पोर आजोबांचा हात धरून बसली होती. मी काहीच करू शकत नव्हतो. शेवटी गाडी बंदच पडली आणि रुग्णवाहिका बोलवावीच लागली. ती येईपर्यंत पाऊण तास गेला.

आजोबा वाचले. पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. "जरा आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

गॅरेजमधल्या मिस्त्रीनं मला खोललं. "तेलाचा कोळसा झालाय. चढून आलात की लगेच बंद करत होतात ना?" काकानं मला भंगारात घातलं नाही. घरी आणून या फळीवर ठेवलं. ते चार दिवेही काढून टाकले.

आता गाडीत नवा टर्बो आहे. काका आजोबांना व्यायामासाठी इस्पितळात नेतो, आणतो. शेडमध्ये आल्यावर इंजिन चालू ठेवतो आणि पोर मोजायला लागते. काल ती मुद्दाम एकोणचाळीसवरून पन्नासवर गेली आणि आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांचे ओठ हलले. शब्द फुटला नाही. डाव्या हाताची चार बोटं तेवढी वर झाली.

"चाळीस राहिले," काका खालमानेनं म्हणाला. "पुन्हा मोज, बाळा."

तिनं पुन्हा मोजलं. फळीवरून मीही मोजलं, पण आता माझ्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्यासाठी तापणारं घरात कुणी ना कुणी असतंच. यंत्र असेल, माणूस असेल. ते बोलणार नाही. तुम्ही साठपर्यंत मोजा, आणि मधले चाळीस सांडू नका.