कोलूखालचा माथा

“अप्पा, एवढी ताकद वाढवली, मग आपली गाडी पोचली कुठं?”

मित्रांनो, हा प्रश्न चंद्रिकानं नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी, सुंडल, म्हणजे प्रसादाचे उकडलेले चणे, खायला आलेल्या वीसेक बायका-मुलींसमोर विचारला. विचारायचा म्हणून विचारला नव्हता. पैज होती. तिच्या वर्गातल्या कनका आणि धनलक्ष्मी तिला शाळेच्या वाटेवर रोज डिवचत होत्या. “शेडमध्ये झाकून ठेवलेली ती रेसची गाडी म्हणजे तुमच्या घरची महाराणी गे! विचार की अप्पांना, सगळ्यांसमोर विचार. नाही धाडस होत? मग पुढं कधी गाडीच्या बढाया मारू नकोस.”

चंद्रिकानं विचारलं. हातातले चणे तसेच मुठीत धरून.

आणि मी? मी तिच्यापासून चार हातांवर होतो. बाहुल्यांच्या सात पायऱ्यांच्या कोलूखाली, पांढऱ्या कापडाच्या आड, अंधारात. उत्तर मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठं आहे?

मी एक जुना माथा आहे. माणसाचा नव्हे, इंजिनाचा! वर्कशॉपमधले लोक मला ‘हेड’ म्हणतात. इंजिनाच्या चार सिलिंडरांवर मी झाकणासारखा बसतो. पेट्रोल आणि हवा माझ्यातूनच आत शिरतात, माझ्याखालीच ठिणगी पडते, स्फोट होतो आणि गाडी पळते. बाहेरून कुणी मला बघत नाही. लोक बघतात लाल रंग, गोल दिवे, तारांची चाकं. असू दे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. (बरं, थोडं वाटलं.)

माझा जन्म विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. मग मला घासलं, भोकं पाडली, एका छोट्या, उघड्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्‌स गाडीत बसवलं आणि आम्ही दोघं बोटीनं मद्रासच्या बंदरात उतरलो. आमचे पहिले मालक एक गोरे साहेब होते. ते मायदेशी परत निघाले तेव्हा त्यांनी गाडी विकली, आणि ती घेतली गुरुराज रावांनी. म्हणजे चंद्रिकाच्या अप्पांनी.

गुरुराज राव तंजावरच्या मराठी घराण्यातले. गिंडीला पंपांच्या कारखान्यात नोकरी, राहायला सैदापेट. गाडी दारात आली त्या दिवशी चंद्रिकाची अम्मा, वसंताबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “तीन माणसांचं घर आणि दोन माणसांची गाडी! हा कोणता हिशोब?”

“चंद्रिका मध्ये बसेल,” अप्पा म्हणाले.

आणि ती बसली! नऊ वर्षांची होती. अर्धी अम्माच्या मांडीवर, अर्धी गियरच्या दांड्याशेजारी. दर रविवारी आम्ही मरीनाला, समुद्रावर, जायचो. हळू, अगदी हळू, कारण अम्माच्या डोक्यातली मोगऱ्याची वेणी वाऱ्यानं सुटता कामा नये. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातली ती तीन वर्षं सोन्याची. आयुधपूजेला अम्मा गाडीचा पुढचा पत्रा उघडायला लावून थेट मला कुंकू लावायच्या. म्हणायच्या, “रंगाला काय पूजायचं? पळतं ते पूजावं.”

पण अप्पांना शोळावरमचं वेड लागलं. तिथं लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी आहे आणि पोंगल झाल्यावर तिथं गाड्यांच्या शर्यती होतात. आम्ही पहिल्यांदा धावलो आणि पाचवे आलो. पाचवे! मला तर अभिमानानं वाफ यायची बाकी होती. पण पहिल्या आलेल्या माणसानं जाता जाता अप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “छान आहे हो गाडी. भाजी आणायला.”

झालं. त्या रात्री अप्पा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही गिंडीला रामस्वामींच्या वर्कशॉपात. रामस्वामी म्हणजे इंजिनाच्या छातीला कान लावून आजार सांगणारा माणूस. अप्पा म्हणाले, “हेड तासा. खालून थर काढला की आतली जागा लहान होते, दाब वाढतो, ताकद वाढते. पुस्तकात आहे.”

रामस्वामींनी माझ्यावर हात ठेवला. तेलकट, जाड, गरम हात. “पुस्तकात आहे सार, खरं आहे. पण तासलेलं हेड परत वाढत नाही. नख नव्हे ते. तासायचंच असेल तर दुसरं आणा. मूळचं मी कापणार नाही.”

मित्रांनो, त्या एका वाक्यासाठी मी रामस्वामींचा जन्मभर ऋणी आहे.

बंगळुरात अपघातात चेपलेल्या एका गाडीचा माथा मिळाला. त्याला तासलं, गाडीला पेट्रोल-हवा मिसळणारे मोठे कार्ब्युरेटर लावले आणि मला काढलं. रामस्वामींनी मला ग्रीस चोपडलं, अप्पांच्या जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलं आणि अप्पांच्या हाती दिलं. घरी चंद्रिकानं वेष्टीचं टोक उघडून माझ्या कडेवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. दाराला लावायचा रंग उरला होता. “म्हणजे ओळखू येईल,” म्हणाली. बारा वर्षांची होती. कुणी विचारलंही नव्हतं तिला.

मग मी कोठीत पडून राहिलो. नवरात्र आलं. कोलूच्या लाकडी मांडणीचा एक पाय वाळवीनं खाल्ला होता आणि मांडणी डुगडुगत होती. अम्मांनी कोठीत चाचपून बघितलं, हाताला मी लागलो, त्यांनी वेष्टी सोडली. “लोखंडाचं काहीतरी आहे. चांगलं जड आहे.” आणि मला त्या तुटक्या पायाखाली सरकवलं! पुढं दर वर्षी असंच: एरवी मी त्याच मांडणीबरोबर कोठीत, आणि नवरात्रात तिच्या पायाखाली. गाडीतून सुटा काढलेला मी काय आहे ते अम्मांना ओळखू आलं नाही, मी कुठं आहे ते अप्पांना आणि चंद्रिकाला ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, घर रंगवताना मला भंगारवाल्याला देऊन टाकलं.

वर्कशॉपमधल्या बातम्या मला घरातल्या बोलण्यातून कळत. नवा माथा जोरदार निघाला, हे मान्य करायला हवं. शोळावरमला गाडी दुसरी आली. कप मिळाला. अम्मांनी तो कोलूच्या सर्वांत वरच्या पायरीवर, राजा-राणीच्या लाकडी जोडीशेजारी मांडला. कप वर, मी खाली. मला हेवा वाटला, लपवत नाही.

पण गाडीला आता हळू चालता येईना! सैदापेटच्या पुलावर बैलगाड्यांमागं थांबली की तापायची, वाफ सोडायची. साधं पेट्रोल त्या तासलेल्या माथ्याला पचेना, चढावर आतून खडखड वाजायचं, डब्यात गोट्या हलवल्यासारखं. मरीनाला जायचं बंद झालं. एकदा रेल्वेच्या फाटकात ती बंद पडली आणि अम्मा उतरून चालत घरी आल्या, वेणीसकट. परत त्या गाडीत बसल्या नाहीत.

आणि या वर्षी पोंगलनंतर, शर्यतीहून परत येताना, तो माथा तडकला. बिचारा! तो वाईट नव्हता. त्याला जेवढं झेपत होतं त्याहून जास्त मागितलं, एवढंच. विलायतेहून सुटे भाग येणं बंद झालेलं. मद्रासभर शोधून दुसरा माथा मिळेना. आठ महिने गाडी शेडमध्ये. शेवटी अप्पांनी जॉर्ज टाउनच्या सुब्बा चेट्टियारांना शब्द दिला: विजयादशमीला सकाळी दहा वाजता या, गाडी मोडीत घेऊन जा.

हे सगळं असं असताना अष्टमीला चंद्रिकानं तो प्रश्न विचारला.

सुंडल खायला आलेल्या कनकानं जीभ चावली. अप्पांनी वर कपाकडं बघितलं.

“दुसऱ्या नंबरापर्यंत पोचली,” ते म्हणाले. “ती शेवटची फेरी, चंद्रिका… तो आनंद खोटा नव्हता. पण तिथून गाडी घरी येईना.” मग हळूच म्हणाले, “मूळचं हेड असतं तर आजही चालली असती. मीच सांभाळलं नाही.”

“हेड म्हणजे तो लांबडा तुकडा का?” अम्मांनी समईत तेल घालता घालता विचारलं. “भोकंभोकं असलेला? पिवळी रेघ आहे त्याला?”

“पिवळी रेघ!” चंद्रिका ओरडली. “अम्मा, तुला कसं माहीत?”

“तो होय? तो तर माझ्या कोलूखाली आहे.”

अय्यो, काय गोंधळ उडाला! अप्पा गुडघ्यांवर, कापड वर, आणि तीन वर्षांनी त्यांचे डोळे आणि मी समोरासमोर. त्यांनी हात घातला, तोच अम्मा आडव्या आल्या.

“कोलूला हात लावायचा नाही. कलश बसलाय. दशमीची रात्र होईपर्यंत एक बाहुली हलता कामा नये.”

“वसंता, चेट्टियार दशमीला सकाळी येतोय!”

“मग तुम्ही शब्द देताना मला विचारायचं होतं.”

दोघांचंही बरोबर होतं. हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी नवमी, आयुधपूजा. सगळी हत्यारं देवापुढं, कशालाही हात लावायचा नाही. चंद्रिकानं आपल्या पुस्तकांशेजारी गाडीचा जॅक पुसून ठेवला होता, त्याला कुंकू लावलं होतं. दिवसभर ती एकदा जॅककडं बघायची, एकदा कोलूच्या तुटक्या पायाकडं.

दशमीची पहाट. पुन्हा पूजा झाली. आता पुस्तकं उघडायची, हत्यारं उचलायची, नवं काही सुरू करायचं. चंद्रिकानं पुस्तक उघडून दोन ओळी वाचल्या आणि जॅक उचलला.

“अम्मा, कोलू हलवायचा नाही ना? नाही हलवणार. फक्त धरून ठेवणार. मांडणीच्या आडव्या दांडीखाली जॅक, केसभर उचल, हेड बाहेर, विटा आत.”

अम्मांनी तिच्याकडं बघितलं. मग आत गेल्या आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन आल्या. तो सर्वांत वरच्या पायरीवर, कपाशेजारी ठेवला. “एक थेंब सांडला तर थांबायचं.”

“मी करतो,” अप्पा म्हणाले.

“नको अप्पा. तुम्ही जोर लावाल.”

अप्पा हसले की काय, मला दिसलं नाही. मला दिसत होता फक्त चंद्रिकाचा हात. पाव वळसा. थांब. पाव वळसा. थांब. वर राजा-राणी, कृष्ण, चेट्टियार-चेट्टिणीची, म्हणजे वाणी-वाणिणीची, मातीची जोडी, सगळे श्वास रोखून. माझ्या पाठीवरचं ओझं इतकं हळू उतरलं की ते कधी गेलं ते मला कळलंच नाही. एवढ्या अलगद मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं. ती मला ओढून बाहेर घेईपर्यंत अप्पांनी विटा सरकवल्या.

अम्मा पेल्याकडं बघत होत्या. “नाही सांडलं,” त्या म्हणाल्या, आणि पदरानं चंद्रिकाचं कपाळ पुसलं.

सुब्बा चेट्टियार दहाला आले तेव्हा रामस्वामी शेडमध्ये मला धूत होते.

“राव, हे काय? मी मोडीत घ्यायला आलो, तुम्ही जोडायला बसलात?”

“संध्याकाळपर्यंत थांबाल का?” अप्पांनी विचारलं. “सुरू झाली नाही, तर शब्दाप्रमाणं गाडी तुमची.”

चेट्टियार ओट्यावर बसले. “विजयादशमीला चालती गाडी मोडणं हा अपशकुन. मेलेली मोडायची की जिवंत, ते आधी कळू दे. तोवर सुंडल आहे का?”

दिवसभर चंद्रिका रामस्वामींच्या हाताखाली होती. माझ्या झडपा घासताना अर्धा वळसा इकडं, अर्धा तिकडं, तासन्‌तास. नाकावर काळा डाग. रामस्वामी तिला एकदाच म्हणाले, “हात चांगला आहे, मुली. घाई नाही त्याला.”

पाच वाजता मी माझ्या जागी बसलो. जुने, छोटे कार्ब्युरेटरही परत आले. अप्पांनी चावी फिरवली. एकदा नुसती घरघर. दुसऱ्यांदाही घरघर, आणि चेट्टियारांनी चणे चघळायचे थांबवले. तिसऱ्यांदा ठिणगी पडली. आणि मी, मित्रांनो, मी गायलो! खडखड नाही, वाफ नाही. तीच जुनी, भाजी आणायला जाणारी गुणगुण.

चेट्टियार उठले, हात झटकले. “जिवंत आहे. माझा दिवस गेला, पण सुंडल उत्तम होतं.”

अप्पांनी दार उघडून धरलं. अम्मा क्षणभर थांबल्या, मग वेणी सारखी करून आत बसल्या. चंद्रिका आता मध्ये मावत नव्हती. ती मागच्या कडेवर बसली आणि आम्ही सैदापेटच्या पुलावरून बैलगाडीमागं, बैलाच्या चालीनं, देवळापर्यंत जाऊन आलो. मला त्या दिवशी कपाचा हेवा वाटला नाही.

ताकद वाढवू नये असं मी म्हणत नाही. ज्याला हौस आहे, त्यानं करून बघावं. पण मित्रांनो, नवं लावताना जुनं कापू नका. ग्रीस लावा, कापडात गुंडाळा, आणि ते कुठं ठेवलंय ते घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. मला सांभाळलं एका मिस्त्रीच्या नकारानं, एका आईच्या कोलूनं आणि एका मुलीच्या पिवळ्या रेघेनं. तिघांना माझा नमस्कार.

रात्री अम्मांनी कोलू संपल्याची खूण म्हणून त्यावरची एक बाहुली निजवली. अप्पा कप घेऊन पुसत बसले होते. चंद्रिका दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. नाकावरचा डाग तिनं मुद्दाम धुतला नव्हता.

“अम्मा, अप्पा, आज दशमी. आज शिकायला सुरुवात करायची असते. मी रामस्वामी मामांना विडा-नारळ देऊन आलेय. दर रविवारी त्यांच्या वर्कशॉपात जाणार, आणि शाळा संपली की गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात. परवा एक प्रश्न विचारला होता. आज विचारत नाहीये, सांगतेय.”