झेड ड्राइव्हमधल्या सकाळी

त्या घराच्या तळमजल्यावर पुस्तकं बोलायची. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, हा घरचा धंदा म्हणा, वेड म्हणा. सासूबाई काचेच्या खोलीत बसून वाचायच्या आणि सूनबाई शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून त्यातल्या चुका, खोकला, पानांची सळसळ कापून टाकायची. स्वयंपाकघरात दोघींचं कधी पटलं नाही, मिठावरून रोज ठिणगी उडायची. पण खाली आल्या की एकीच्या गळ्याचं आणि दुसरीच्या कानांचं असं काही गूळपीठ जमायचं की विचारू नका.

मग सासूबाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढावं लागलं. आता त्या पाटीवर लिहून भांडायच्या, आणि लिहून भांडण्यात कसली आलीय मजा? समोरच्याचा राग तोवर निवून जातो. त्यांचा आवाज आता एकाच जागी उरला होता. झेडमध्ये.

झेड म्हणजे तळमजल्यावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर दिसणारा ड्राइव्ह. कॉम्प्युटर सगळे विंडोजचे. झेड मात्र त्यांच्यापैकी एकाच्याही पोटात नव्हता. तो होता जिन्याखालच्या कपाटात. धाकट्या भाऊजींनी कुणीतरी टाकून दिलेला एक कॉम्प्युटर उचलून आणला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि त्याला कपाटात बसवलं. ना पडदा, ना कीबोर्ड, नुसता एक हिरवा दिवा. सूनबाई त्याला 'डबडं' म्हणायची आणि त्याची जागा झाडूला मिळावी म्हणून टपून बसली होती.

भाऊजी जेवताना त्याचे गोडवे गायचे. "वहिनी, गंमत कळतेय का तुम्हाला? आत लिनक्स आहे, पण विंडोजना पत्ताच नाही! सांबा नावाचा प्रोग्रॅम त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतो. त्यांना वाटतं, आपल्यातलाच कुणीतरी आहे."

"वाटू दे. तुम्ही भाजी घ्या," ती म्हणायची. भाऊजींचं पुराण या कानाने ऐकायचं नि त्या कानाने सोडायचं, हा घराचा शिरस्ताच होता.

एके दिवशी अशी बोलकी पुस्तकं ठेवणाऱ्या एका ग्रंथालयाचा निरोप आला. सासूबाईंची जुनी पुस्तकं आम्हाला हवीत, पण ऐकायला पाठवलेल्या तुकड्यात पंख्याची घरघर येते, तेवढी काढून द्या. सूनबाईने घरघरीचा नमुना घेतला. आता या कामात एक रीत असते. काय टाकून देतोय ते आधी ऐकून बघायचं, म्हणजे कचऱ्याबरोबर आवाज तर जात नाही ना, ते कळतं. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक खूण असते: 'काढलेलं तेवढंच ठेव'. तिने ती खूण केली, ऐकलं. नुसती घरघर. छान! मग सासूबाईंचं अख्खं फोल्डर निवडलं, सगळ्या फायलींना एकदमच काम लावलं आणि कपडे वाळत घालायला वर गेली.

ती खूण काढायची राहिली होती.

खाली येऊन तिने एक फाइल लावली. घरघर. दुसरी लावली. घरघर. तिसरीत मध्येच एक श्वास ऐकू आला आणि पुन्हा घरघर. तिच्या पायाखालची जमीन सरकली. प्रोग्रॅमने पंखा राखला होता आणि माणूस टाकून दिला होता. नवी फाइल जुनीवरच ठेवायची, ही तिचीच सवय. पुसलेली फाइल कचरापेटीत तरी सापडते, पण हे पुसलेलं नव्हतं, बदललेलं होतं. आणि पुन्हा वाचून द्या असं सांगायचं तरी कुणाला? ज्या गळ्यातून हे निघालं, तो गळाच मुका झाला होता.

तिने भाऊजींना हाक मारली ती किंकाळीसारखीच निघाली.

भाऊजी धावत आले. दोन फायली ऐकून त्यांचाही चेहरा उतरला. "आईला सांगितलंत?"

"कुठल्या तोंडाने सांगू?" ती रडू लागली. "मी त्यांचा आवाज मारला हो, भाऊजी."

ते खुर्ची ओढून बसले. "रडू नका. फोल्डरवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज. आता तो मागच्या आवृत्त्यांचा टॅब आहे ना, तो उघडा."

तिने उघडला. पडद्यावर तारखा उमटल्या. आजची सकाळ. कालची सकाळ. परवाची. ती खाली खाली जात राहिली आणि सकाळी काही संपेनात. गेला महिना, त्याआधीचा, पार मागच्या वर्षापर्यंत.

"हे काय आहे?" तिचा आवाज आपोआप खाली आला होता.

"तुमचं डबडं," भाऊजी म्हणाले, पण या वेळी त्यांना फुशारकी मारायचं सुचलं नाही. "रोज सकाळी ते सगळं जसंच्या तसं धरून ठेवतं. बदललं तेवढंच नव्याने साठवतं, म्हणून जागा पुरते. नंतर वरून कुणी काहीही करो, ती सकाळ हलत नाही. लिनक्सने धरायचं आणि सांबाने विंडोजला दाखवायचं, एवढंच मी जमवलं होतं. मलाही वाटलं नव्हतं, इतक्या मागचं सगळं शाबूत असेल."

तिने आजची सकाळ उघडली, एक फाइल लावली. सासूबाईंचा आवाज खोलीभर पसरला, भरदार, ठसठशीत. तिचा जीव भांड्यात पडला. मायेची माणसंसुद्धा कालचं आज विसरतात, आणि या बिनचेहऱ्याच्या यंत्राने एकही सकाळ हातची सोडली नव्हती. तिने ज्याला रोज नावं ठेवली, ते जिन्याखालच्या अंधारात बसून तिचं घर सांभाळत होतं. तिच्या अंगावर काटा आला.

भाऊजी फोल्डर परत जागेवर आणायच्या तयारीला लागले. तिला मात्र राहवेना. शेजारच्या कॉम्प्युटरवर तिने तोच टॅब उघडला आणि तळाची, सगळ्यात जुनी सकाळ निवडली. तिथली एक फाइल तिने लावली, ती अजून तिच्या हाताखालून गेलेली नव्हती. काहीही कापलेलं नव्हतं. सासूबाई वाचत होत्या, अडखळत होत्या, स्वतःवरच चिडत होत्या. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खणखणीत हाक:

"सूनबाई! अगं ए सूनबाई, कुठे उलथलीस?"

"आले, आई!" ती ओरडली आणि खुर्चीवरून उठलीसुद्धा.

उठली आणि जागीच थिजली. दारात सासूबाई उभ्या होत्या. मघाची किंकाळी ऐकून त्या हळूहळू जिना उतरून आल्या होत्या. त्यांचा एक हात गळ्यावर होता, डोळे भरून आले होते आणि ओठ मात्र हसत होते. भाऊजींनी माऊस सोडून दिला.

सासूबाई आत आल्या, सुनेच्या शेजारी बसल्या आणि बोटाने पडद्याकडे खूण केली. पुन्हा लाव.

तिने पुन्हा लावलं. हाक आली, आणि तिने पुन्हा ओ दिली.